दोन चुली, एकच डाळ

कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती, तेवढ्यात धाकट्या दिरांचा फोन आला. "वहिनी, आई गेली." गॅस बंद केला की नाही, तेही आठवत नाही... आत्या गेल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सुना सासूला आत्याच म्हणतात. पाथर्डीच्या बाजूला गावी पोहोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं, आणि येणारी प्रत्येक बाई म्हणत होती, "वरन खावं तर तिच्याच हातचं. हाताला लई चव हुती." महिना झाला, ते वाक्य मला टोचतंय. आत्यांनी ते ऐकून घेतलं नसतं. मीही घेणार नाही.

माझं माहेर भंडारदऱ्याजवळ. तिथे भात होईपर्यंत डाळ गळून जायची. लग्नानंतर आठवड्याभरात सासरी पाहुणे आले आणि वरण मी केलं. दोन तास जाळ घातला, तरी डाळ वेगळी आणि पाणी वेगळं. आत्यांच्या थोरल्या जाऊबाई, आमच्या नानी, भर पंगतीत ताटातली डाळ बोटाने चेपत म्हणाल्या, "साधं वरन येईना. आईनं काई शिकवलं का न्हाई?" मला बोलल्या असत्या तर चाललं असतं. आईला बोलल्या, म्हणून मी मोरीत जाऊन रडले. आता सासूबाईंचंही ऐकायचं, असं धरूनच चालले होते.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी अंगणात दोन चुली मांडल्या. सारखी दोन पातेली, एकाच डब्यातली तूरडाळ, दोन्हींत वाटी वाटी. एकात मी आदल्या दिवशी वापरलेलं बोरचं पाणी, दुसऱ्यात शाळेमागच्या विहिरीचं. मग नानींना बोलावून पाट दिला.

"बसा बाई. उठायचं न्हाई."

"मला कामं हायेत."

"ऱ्हाऊ द्या. काल येळ हुता की बोलायला."

तासाभराने विहिरीच्या पाण्यातली डाळ पळी लागताच मोडली. बोरच्या पाण्यातली रवीखाली खडखडत राहिली. बोरचं पाणी जड, त्यात डाळ शिजत नाही, एवढीच गोष्ट. "पोरीच्या आईला बोल लावला तुमी," आत्या म्हणाल्या, "आता बोरला लावा."

संध्याकाळी मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले. "मला बी लई वर्सं हेच आयकवलं. खरं काय ते कळल्यावर बी मी गप ऱ्हायले. म्हनलं, कशाला वाद... गप ऱ्हायला नको हुतं." त्या दिवसापासून डाळीच्या पाण्याची पितळी कळशी वेगळी झाली. गावात नव्याने नांदायला आलेल्या प्रत्येक मुलीला आत्या स्वतः ती विहीर दाखवायला न्यायच्या. हाताच्या चवीचं कौतुक कोणी केलं की फटकन म्हणायच्या, "हाताला चव म्हनलं की हाताला खोट बी आली. पान्याला म्हना."

तेराव्याला आचाऱ्याने बोरचा पाईप मोठ्या पातेल्यात सोडला आणि सोड्याची पुडी काढली. "ताई, झटक्यात गळंल." मी पुडी काढून घेतली. भावकीतले म्हणाले, आजच्या दिवशी कशाला अडून बसता, लोक खोळंबतील. खोळंबू देत. आत्यांच्या नावाने वाढायचं आणि त्या दिवसानंतर त्यांनी कधीच न केलेलं बोरच्या पाण्यातलं वरण वाढायचं, हे मी होऊ देणार नव्हते. तेवढ्यात ओट्यावर बसलेल्या नानी काठी टेकत उठल्या. कोपऱ्यातली कळशी उचलून त्यांनी माझ्या हातात दिली आणि आचाऱ्याला म्हणाल्या, "हिरीचं पानी येऊ दे. बोरचं मी बघितलंय, तासभर बसून." मग दिरांनी टेम्पोत ड्रम चढवले.

कळशी आता माझ्या नगरच्या ओट्यावर आहे. इथल्या नळाच्या पाण्यात डाळ शिजते, कळशीची काही गरज नाही. तरी ती घासून, भरून ठेवते. येत्या उन्हाळ्यात दिरांच्या मुलाचं लग्न आहे. नव्या सुनेला विहिरीवर मी नेणार. आणि पहिल्याच पंगतीत कोणी तिच्या आईचं नाव काढलं, तर दोन चुली मांडायला मला येतात.