बोटांचा जोर

माझी अंध मावशी ब्रेल छापखान्यात मुद्रितं तपासते. ती बोटांनी पान मोठ्यानं वाचत जाते आणि समोर बसलेला जोडीदार डोळ्यांनी मूळ मजकूर पाहतो. फरक सापडला की दोघं थांबतात. अठ्ठावीस वर्षं ती याच खुर्चीत बसते.

मागच्या वर्षी तिच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. टिंबं लागेनात, म्हणून ती जोर देऊ लागली. जोर दिला की कागदावरचे उठाव बसतात, आणि मग आणखीच लागत नाहीत. तिच्या हाताखालून पानं सपाट होऊन निघायला लागली. ती ब्र काढेना. जोडीदारानं ओळखलं, मग व्यवस्थापकांनीही.

"बाई, आता फोन सांभाळा. आरामाचं काम आहे."

"आराम तुम्ही करा साहेब. डोळे दमले असतील तुमचे."

शेवटी चार महिन्यांची मुदत मिळाली. त्यानंतर चाचणी, नापास झाली तर खुर्ची गेली.

मावशीनं कंबर कसली. गडद पालेभाज्या, अक्रोड, जवस, जांभळी फळं मेंदूला आणि मज्जातंतूंना पोषक असू शकतात, असं तिनं रेडिओवर ऐकलं होतं. 'असू शकतात' हे तिनं सोयीस्कर गाळलं. रोज पालक, मूठभर अक्रोड, वर जवसाची पूड. मांस-मासे तिनं कधी खाल्लेच नव्हते. दूध आणि अंडी सोडूनही दहा वर्षं झाली होती.

मी प्रयोगशाळेत रक्त तपासते. "मावशी, हात पुढे कर."

"बोटं बिघडलीत माझी, रक्त नाही."

पंधरा दिवस हुज्जत घातली, तेव्हा कुठे सुई टोचू दिली. बी-१२ तळाला गेलं होतं.

"पाला, अक्रोड, जवस सगळं चांगलंच आहे गं. पण बी-१२ त्यात नसतं. ते वेगळं घ्यावंच लागतं, नाहीतर मज्जातंतू झिजतात."

मावशीनं चपला पायात सरकवल्या. मग म्हणाली, "चल डॉक्टरकडे. पण माझ्या अक्रोडांना नावं ठेवलीस तर याद राख."

इंजेक्शनं सुरू झाली. मुंग्या कमी झाल्या, पण उजवी तर्जनी अर्धी बधिरच राहिली. डॉक्टर म्हणाले, उरलेलं परत येईल की नाही, सांगता येत नाही. मावशी त्याच संध्याकाळी डाव्या हातानं वाचायला बसली. पहिलीतल्या मुलीसारखी, अक्षर अक्षर लावत.

चाचणीच्या दिवशी व्यवस्थापकांनी मुद्दाम चुका पेरलेली तीन पानं ठेवली. तिचा डावा हात कागदावरून पिसासारखा फिरत होता. सातपैकी सहा चुका तिनं पकडल्या.

"एक सुटली, बाई."

"सुटली. डोळसांच्या किती सुटतात, कधी मोजल्यात?"

जोडीदार खोकल्याच्या निमित्तानं हसला. व्यवस्थापकांनी पानांवर हात फिरवला. एकही उठाव बसला नव्हता.

"सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी घेईन," ते म्हणाले.

"घ्या की. पण पानं जास्त आणा, तीन फार लवकर संपतात." आणि तिनं जोडीदाराला पुढचा मजकूर उघडायला सांगितला.