हात थांबला तर वाक्य ठेव

आत्या गेली तेव्हा मी एका वॉशिंग मशिनसाठी विशेषण शोधत होतो. जाहिरातीच्या ऑफिसात टेबलावरचा फोन वाजला आणि पलीकडून कमळ म्हणाली, "दादा, बाई गेल्या. सकाळी चाय दिली मी, अर्धी पिल्या... आन तसंच खुर्चीत..." कमळ ही आत्याची जुनी विद्यार्थिनी. आता स्वतः शिक्षिका आहे, आणि मी लवकर ऑफिसला निघायचो म्हणून शाळेत जाण्याआधी रोज अंबरपेठेहून काचीगुड्याला येऊन आत्याचं चहापाणी बघायची. त्या दिवशी मी विशेषण तसंच सोडून निघालो. आत्या असती तर म्हणाली असती, बरं झालं, मशिनला गरज नव्हतीच.

आत्यानं जन्मभर काचीगुड्यातल्या एका मराठी शाळेत मराठी शिकवलं. लग्न केलं नाही. मी नांदेडहून कॉलेजसाठी आलो तो तिच्याच दोन खोल्यांत राहिलो, आणि पुढं नोकरी लागली तरी हललो नाही. दहावीच्या वर्गाला ती अलंकार शिकवायची ते पुस्तक मिटून. "अलंकार म्हणजे दागिना, असं पुस्तक म्हणतं. दागिना काढून ठेवला तर बाई पडते का? नाही. जे काढलं की वाक्य खाली पडतं, तो खरा अलंकार," असं ती सांगायची. लिहिलेलं तपासायची तिची रीतही न्यारीच होती. आपण मोठ्यानं वाचायचं आणि ती खिडकीकडं तोंड करून भाजी निवडत बसायची, बहुतेक वेळा अंबाडी, म्हणजे इथल्या तेलुगू लोकांचा गोंगुरा. एका वाक्याला तिचा हात थांबला तर ते ठेवायचं. नाही थांबला तर ते कितीही गोजिरं असो, काट मारायची. मी नव्यानं बाजारात आलेल्या फ्रिज-टीव्हीच्या जाहिराती लिहायचो त्या दिवसांत तिची अख्खी जुडी निवडून व्हायची, हात काही थांबायचा नाही. "फ्रिजला यमक चालतं रे, फ्रिज कुठं ऐकायलाय," एवढंच म्हणायची.

ज्या गोष्टीसाठी मला हे लिहायचं आहे ती सात-आठ वर्षांपूर्वीची. कमळचं लग्न ठरलं. तिचे वडील सोनकांबळे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते, मूळचे परभणीकडचे, बौद्ध. आमच्या मराठी मंडळाचे ते जुने सभासद. गणपतीच्या नाटकाचा पडदा ओढण्यापासून खुर्च्या मांडण्यापर्यंत सगळ्यात पुढं. मुलीचं लग्न मंडळाच्या हॉलमध्ये व्हावं, एवढीच त्यांची इच्छा. त्यांनी तारीख सांगितली तर कळलं, त्या दिवशी रंगकाम आहे. पुढची सांगितली तर रंगकाम लांबलेलं. त्याच्या पुढची सांगितली तरी रंगकामच. तेवढा रंग खरंच लागला असता तर भिंती फुगून हॉल अर्धा झाला असता. मधल्या काळात दुसऱ्या एका सभासदाच्या मुलाची मुंज मात्र त्याच हॉलमध्ये थाटात झाली. 'नाही' असं कुणीच म्हणालं नव्हतं, आणि खरी पंचाईत तीच होती. न दिलेल्या नकाराशी भांडायचं कसं? तक्रार केली तर उलट तेच दुखावल्यासारखे म्हणणार, अहो, आम्ही कुठं नाही म्हटलं?

सोनकांबळे आत्याकडे आले. आठवड्यावर मंडळाची सर्वसाधारण सभा होती, तिथं वाचायला सभासदांसाठी एक निवेदन हवं होतं. मी शब्दांचा धंदेवाईक माणूस, लगेच बाह्या सरसावल्या. दुसऱ्या दिवशी मसुदा तयार. त्यात 'किती दिवस?' तीनदा होतं, माणुसकीला काळिमा होता, एका निष्पाप कन्येचे अश्रूही होते. मी आवाज चढवून वाचला. आत्या अंबाडी निवडत राहिली. सोनकांबळे खाली मान घालून ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "चांगलं हाय हो. पण ऐकून मला माझीच कीव आली. बाई, मला कीव नक्को, हॉल पाहिजे."

मग आत्यानं स्वतः लिहिलं. तिच्या मसुद्यात एकही जड शब्द नव्हता. पहिल्या तारखेला रंगकाम, दुसऱ्या तारखेला रंगकाम, मधल्या मुंजीला रंग वाळलेला, पुढच्या तारखेला पुन्हा रंगकाम. "शब्द पुन्हा पुन्हा आणायचा तर आपला नाही, त्यांचा आणावा," असं ती मला म्हणाली. मला हसू आवरेना. सोनकांबळेही मनापासून हसले, आणि हसता हसता थांबून म्हणाले, "हसतील सारे. आन चाय पिऊन घरी जातील." आत्यानं स्वतःचाच कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि पुन्हा अंबाडी निवडायला घेतली. मला वाईट वाटलं. तिला वाटलं असेल तर तिनं दाखवलं नाही.

सोनकांबळे जायला उठले तेव्हा सहज बोलून गेले की अफझलगंजच्या छापखान्यातून दोनदा निरोप आला, पत्रिकेत स्थळ काय टाकायचं म्हणून. आत्याचा हात थांबला. देठ बोटात तसाच. "काही टाकू नका," ती म्हणाली. "जागा सोडा फक्त. स्थळ, दोन टिंबं, आणि पुढं कोरं. आणि पहिली पत्रिका मंडळाच्या अध्यक्षांना द्या."

आमच्या मंडळाची एक रीत आहे. सभासदांच्या घरी कार्य असलं की सभेच्या सुरुवातीला अध्यक्ष ती पत्रिका उभं राहून पूर्ण वाचतात, अगदी स्थळ-काळासकट, आणि सगळे टाळ्या वाजवतात. परमुलखातल्या माणसांचा हा आपलेपणा. त्या रविवारीही भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या अध्यक्षांनी, चष्मा लावून पत्रिका घेतली. मंगल परिणय, आयुष्मती कमळ, वराचं नाव, आईवडिलांची नावं, वार, वेळ, सगळं त्यांच्या खणखणीत आवाजात झालं. मग ते म्हणाले, "स्थळ..." आणि थांबले. पत्रिका उलटून पाहिली, मागंही काही नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते भिंतीकडं बघू लागले, आणि भिंतीला तोच जुना, पोपडे धरलेला हिरवा रंग होता. माझ्या शेजारी आत्या पर्सवर हात ठेवून बसली होती. मला वाटलं, आता उठेल, बोलेल. ती हलली नाही.

मागच्या रांगेतून गोदामावशींचा आवाज आला. त्यांना कमी ऐकू यायचं. "भाऊसाहेब, स्थळ ऐकू नाही आलं हो."

"लिहिलेलं नाही, मावशी."

"अगो बाई. सभासद हायत ना आपले?"

"हो."

"मग लिहा."

गोदामावशींना आतलं राजकारण ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजवर कळलेलं नाही. पण भाऊसाहेबांनी खिशातलं पेन काढलं, टेबलावर वाकून लिहिलं आणि वाचलं, "मंडळाचं सभागृह." टाळ्या आधी दोन-चार वाजल्या, मग बऱ्याच वाजल्या. घरी येताना मी आत्याला विचारलं, तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, "मी बोलले असते तर ते माझ्याशी भांडले असते. कोऱ्या जागेशी कोण भांडणार? तिथं ज्यानं त्यानं स्वतःलाच उत्तर द्यायचं." भाषेची एवढी मोठी ताकद मी तोवर पाहिली नव्हती, आणि मी दिवसभर भाषाच विकत होतो.

लग्न हॉलमध्ये झालं. कार्यकारिणीतले दोघे मात्र फुलं टाकून, उपास आहे म्हणत जेवणाच्या पानावर न बसता गेले. सोनकांबळे आत्याला म्हणाले, "हॉल मिळाला बाई, पंगत मिळायची हाय." आत्या म्हणाली, "ते वेगळं लिहावं लागेल." ते काही तिच्या हातून लिहून झालं नाही. मला त्याची हळहळ वाटते.

हा लेख लिहून झाल्यावर परवा मी आत्याच्या खोलीत गेलो. सामान आवरायला कमळ आली होती. खिडकीतल्या त्याच खुर्चीत बसून, तोंड बाहेर करून, ती अंबाडी निवडत होती. मी वाचायला सुरुवात केली. शेवटी मी आत्याला दिव्याची, वडाची, नदीची अशा बऱ्याच उपमा दिल्या होत्या. कमळचा हात चालूच राहिला. त्या सगळ्या मी तिच्यासमोरच काढल्या. मग कागद गुडघ्यावर ठेवला, आणि काय झालं कुणास ठाऊक, तोंडातून निघून गेलं, "कमळ, आता मी लिहिलेलं कुणाला वाचून दाखवू?"

तिचा हात थांबला.

"हे लिहिलंय का, दादा?"

"नाही."

"मग लिहा."