खळ लावलेलं सूत

थोरल्या भावाला आम्ही अण्णा म्हणायचो. सोलापुरातल्या आमच्या घरी, मागाशेजारी, तो एक नळी तापवत होता. तांब्याची बंद नळी, आत थोडं पाणी आणि सुताची वात. वरचं टोक तापलं की तिथलं पाणी वाफ होऊन खालच्या गार टोकाला जाणार आणि वात ते पुन्हा वर ओढणार. नळी किती उष्णता वाहील, याचं गणित त्यानं हातानं मांडलं होतं. त्याची पानं मीच सुवाच्य उतरवली होती. ते खरं ठरलं तरच त्याचा पीएचडीचा प्रबंध पुढं जाणार होता.

वरचं टोक लाल झालं.

"अण्णा, बंद कर की!"

"गणित चुकत न्हाय गं. पाणी खाली अडकलंय," म्हणत त्यानं सांडशीनं नळी उलटी केली.

गार पाणी लाल तांब्यावर गेलं आणि नळी फुटली. मागावरच्या ताण्यावर, त्या उभ्या सुतावर, रक्त उडालं. तांब्याचा तुकडा अण्णाच्या गळ्यात घुसला होता. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला.

दहाव्यानंतर वडील त्याचे कागद चुलीत घालायला निघाले.

"ह्या आकड्यांनी खाल्लं माझं पोर!"

मी आडवी आले, तर मला भिंतीवर ढकललं.

वातीचं उरलेलं सूत मी त्यांच्यासमोर पाण्यात टाकलं. ते भिजेचना. आमच्याच ताण्याचं सूत, खळ आणि तेल लावलेलं. गणित बरोबर होतं, पण त्यात सूत धुतलेलं, बिनखळीचं धरलं होतं. मी ते उकळून धुतलं आणि पुन्हा टोक बुडवलं. पाणी सरसर वर चढलं.

वडिलांनी कागद खाली ठेवले. मग कुऱ्हाड आणली आणि माग फोडायला सुरुवात केली.