धम्मशीला आणि वायरलेसचा रविवार

तुमचं पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, तालुका मोठ्यानं सांगताना तुमचे पाय कधी लटपटलेत का? नसतील लटपटले तर तुमचं बरं चाललंय. धम्मशीलाचं बरं चाललेलं नाही, आणि त्यात थोडा हात माझाही आहे.

धम्मशीला जिंतूर तालुक्यातली. नर्सिंग शिकलेली, पण बर्मिंगहॅमला आली ती केअरर म्हणून. म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, भरवायचं, उचलून खुर्चीत बसवायचं. नवरा गोदामात पॅकिंगला, मुलगी ईरा शाळेत यिअर टूमध्ये, म्हणजे दुसरीत. तिघांचाही व्हिसा एका केअर कंपनीच्या हातात. त्यांनी स्पॉन्सरशिप काढली की साठ दिवसांत नवी शोधा, नाहीतर विमान पकडा.

जड माणसाला उचलायला तिथे हॉइस्ट असतो, झोळी लावलेलं यंत्र. तो दोघांनीच चालवायचा असा नियम. पण माणसं कमी, म्हणून सकाळी ड्यूटी लागतानाच फॉर्मवर दोघींच्या सह्या घेतात आणि दिवसभर उचलायला एकटी बाई. कंपनीची सात होम्स, म्हणजे वृद्धाश्रम, बायका रोज इकडून तिकडे. दुसरी सही कुणाची हेसुद्धा कळत नाही. गेल्या महिन्यात धम्मशीला एकटी उचलत असताना झोळीचा पट्टा सुटला आणि एक म्हातारबाबा पडले. खुब्याचं हाड मोडलं.

आता मॅनेजर म्हणतो, "दुसरी होती, मी तिच्यासाठी थांबले नाही, असं लिहून दे. वॉर्निंगवर भागेल." बुधवारी सकाळी मीटिंग. लिहून दिलं तर नोकरी राहील, पण ते मोडलेलं हाड कायमचं हिच्या नावावर. नाही दिलं तर काय होईल, त्या विचारानं तिची झोप उडाली होती.

आमचं छोटं कम्युनिटी रेडिओ स्टेशन बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात एका लाँड्रीच्या वर आहे. रविवारी दुपारी दोन ते तीन मराठीचा तास, तो मी चालवतो. धम्मशीलानं नाव न सांगता, कंपनीचं नाव न घेता बोलायचं ठरलं: तुमच्याकडूनही अशी सही घेतली असेल तर फोन करा. एक साक्षीदार मिळाला तरी पुष्कळ.

नेमका तो रविवार वायरलेसचा निघाला; रेडिओला पूर्वी इथे वायरलेस म्हणत. वर्षातून एक दिवस स्टेशन शंभर वर्षांपूर्वीसारखं चालवतात. रेकॉर्डिंग नाही, कॉम्प्युटर नाही, एकच माईक. लाल दिवा लागला की तोंडातून निघेल ते थेट हवेत. एरवी आम्ही गुरुवारी रेकॉर्ड करतो आणि नको ते कापतो.

"दादा, पुढच्या रविवारी करू का?" ती जिन्यातच थांबली.

"बुधवार होऊन गेल्यावर? मग काय श्रद्धांजली वाहायची?" मी खेकसलो. "विहारातल्या सभेत बोलतेस ना, तसंच बोल. मान वर करून."

बटणांवर ऋजुता होती. एका डॉक्टरांची मुलगी, जन्म इथलाच. "मावशी, डोन्ट वरी. लाल दिवा लागली की बोलायचा. फक्त माईकला चावू नका."

"मावशी कुणाला म्हणतेस गं? चौतीसची आहे मी." धम्मशीला हसली, पण हातातल्या कागदाची खरखर हवेत जाईल म्हणून ऋजुतानं तो टेबलाला टेपनं चिकटवला.

दिवा लागला.

आता आमच्या लोकांची रीत तुम्हाला ठाऊक आहे. सभेत उभं राहिलं की आधी महामानवांना वंदन, मग पूर्ण नाव, मग गाव. ती नवीन होती तेव्हा एकदा विहारातल्या सभेत पुटपुटली होती. मी तिला भर सभेत थांबवलं होतं, "नाव खणखणीत सांग. आपल्या आज्यापणज्यांना तेवढीही सोय नव्हती."

तिनं कागदाकडे पाहिलंच नाही. डोळे मिटले, ताठ झाली. "सर्वप्रथम सर्व महामानवांना वंदन करते. मी धम्मशीला उत्तम खिल्लारे, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. सध्या नोकरी..." आणि त्याच दमात कंपनीचं नावही.

ऋजुताचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच राहिला. कापणार काय? गेलं होतं. धम्मशीलाचे ओठ पांढरे पडले. मग माईकसमोरच तिनं विचारलं, "दादा, नाव गेलं का हो?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग सगळंच सांगते."

सांगितलं. फॉर्म, सह्या, सुटलेला पट्टा. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत म्हातारबाबांनी तिचा हात सोडला नव्हता, तेही. कृपा करून हिला वाघीण-बिघीण म्हणू नका. ती शेवटच्या शब्दापर्यंत घाबरलेलीच होती आणि मी तिच्याहून जास्त.

तीनला दहा कमी असताना फोन वाजला. ऋजुतानं माईक बंद करून उचलला आणि मराठी ऐकून माझ्याकडे दिला. दबका बायकी आवाज. "दुसरी सही माझी आहे. मी त्या दिवशी दुसऱ्या होममधून आले होते. वरच्या मजल्यावर ड्यूटी होती. मला खाली कुणी बोलावलंच नाही."

"ताई, बुधवारी येऊन एवढंच सांगाल?"

"भाऊ, माझापण व्हिसा त्यांच्याकडेच आहे." फोन बंद. नंबर दिसत नव्हता.

मी रिसीव्हर आपटायला निघालो, तर धम्मशीलानं मनगट धरलं. "तिच्यावर चिडू नका. मी तरी कुठे ठरवून बोलले?"

संध्याकाळी कंपनीचा मेसेज आला: उद्यापासून कामावर येऊ नकोस, बुधवारी दहाला थेट मीटिंगला ये. ईराला अजून काही सांगितलेलं नाही. हे मी सोमवारी लिहितोय. धम्मशीला म्हणाली, "नावासकट लिहा, आता लपवायचं काय राहिलं?"

ताई, हे वाचत असाल तर पुन्हा फोन करा. तुमचं नाव माझ्या तोंडून जाणार नाही. आणि बाकीचे जे वाचताय, तुम्ही न उचललेल्या माणसासाठी कधी सही केली असेल, तर बुधवारी सकाळी दहाच्या आत स्टेशनला कळवा. तिला त्या खोलीत एकटीला बसू देऊ नका.