बाहीनं उताणी केलेली कवडी

येलवालजवळ मी नुसत्या शिंकेनं वाघ पळवला, हे अख्ख्या म्हैसुरानं माझ्याकडून ऐकलंय. त्या वाघाची शेपूट दर वर्षी हातभर वाढते. पण ही एक गोष्ट — बायकोला नाही, देवापुढंही नाही. तुलाच सांगतो, आणि हिला शेपूट लावत नाही.

आम्ही महाराजांच्या रिसाल्यातले शिलेदार. म्हणजे घोडा स्वतःचा. तो गेला की शिलेदारी गेली; मग दुसऱ्याच्या घोड्यावर बसायचं, बारगीर म्हणून.

एका उन्हाळ्यात रिसालदारांनी अजब खेळ काढला. अंगणभर वाळू, तिच्यात केरे — तळ्याला आम्ही घरीही केरेच म्हणतो — आणि बांधाखाली बोटाएवढं गाव. बांध फुटू लागला तर माणसं कुठून काढाल? नशिबाचं ठरवायला पाच कवड्या. काय रंगायचो सांगू! लोट्यानं पूर आणायचो, अन् मुंग्या बुडाल्या तरी हळहळायचो.

मी म्हणालो, खालच्या वाटेनं, झटपट. माझा जिवलग रंगोजी म्हणाला, टेकडीवरून. खालची वाट टिकायला तीन कवड्या उताण्या हव्या होत्या. पडल्या दोन. सगळे वाकायच्या आत — माझ्या बाहीचं टोक — तिसरी उलटली. का? जिंकायला? की एवढ्याशानं पूर वळतो का, ते बघायला?

खरा बांध फुटला तर हीच वाट, असा हुकूम होऊन माझी वाट कागदावर चढली. रंगोजी हसला, "थापाड्या, तुझ्यापुढं कवड्याही थापा मारतात, नोडु, बघ की!"

दोन वर्षांनी केरे खरीच फुटायला आली. मी तापानं पडलेलो. रंगोजीनं कागदावरचा हुकूम पाळला. माणसं सगळी निघाली. शेवटची म्हातारी त्यानं पाठुंगळी आणली. मागं वाट खचली, आणि त्याची घोडी चंद्री गाळात गेली. आधी पोटापर्यंत. मग मानेपर्यंत. मग नाहीच.

दुसरी घोडी घेणं त्याला जमलं नाही. माझ्याकडे दोन घोडे. एक मी त्याला बसायला दिला. केवढा दिलदार, म्हणाले लोक! रंगोजी माझा बारगीर झाला. मला थापाड्या म्हणायचा, तो "धनी" म्हणू लागला. मरेपर्यंत.

त्याच पाच कवड्या मी अजून टाकून बघतो. कधी तीन पडतात, कधी चार. कधी एकही नाही — गंमतच आहे, नाही? पण त्या दिवशी दोनच होत्या. मी नीट पाहिल्या होत्या.

रंगोजीला पोचवून आलो, तेव्हा त्याच्या थोरल्यानंही मला "धनी" अशी हाक मारली.

मी ओ दिली.