उशिरा आणलंत

ओल्या शाडूचा वास पेणच्या गल्ल्यांतून बाराही महिने दरवळत असतो. कारखान्यांतल्या फळ्यांवर गणपती ओळीने बसलेले असतात. अंगकांती उजळलेली, सोंडेचं वळण पुरं झालेलं, फक्त डोळे कोरे. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी होते. त्या प्रसन्न, दृष्टिहीन मूर्तींसमोरून मी आयुष्यभर माझ्या दवाखान्यात जात आलो. हल्ली त्यांच्याकडे बघवत नाही. का, ते आता लिहून टाकतो.

दवाखाना बंद केल्यापासून मी दर आठवड्याला रोह्याला जातो. तिथल्या एका रुग्णालयात परिचारिकांना आणि तरुण डॉक्टरांना जुने केसपेपर वाचायला शिकवतो. उपचारांनीच रुग्णाला इजा झाली का, हे कागदांतून कसं ओळखावं? आजाराची कहाणी वाचत बसू नका, मी सांगतो, खुणा शोधा. मध्येच थांबवलेलं औषध, घाईने दिलेला उतारा, एकाएकी अलिबागला हलवलेला रुग्ण. खूण दिसली की थांबा आणि तिथून मागे चालत जा. शिवाय एक नियम: इजा शोधायची, माणूस नाही. किती उदात्त नियम! त्याच्या सावलीत मी किती निश्चिंत बसलो होतो!

मग एकदा सरावासाठी मी माझ्याच दवाखान्यातला एक केसपेपर नावं झाकून दिला. कुणीतरी पकडावं म्हणून, की कुणी पकडत नाही हे पाहावं म्हणून? मला अजून सांगता येत नाही.

कोलाडच्या शुभांगी सिस्टरने पानं मागे उलटली. “सर, बाईची लघवी रोज कमी व्हतेय, आन् डॉक्टर रोज लिवतोय, ‘तेच उपचार चालू’. ह्यानं पेशंट बघितला, का नुसता दारातनं हात केला?”

सगळे हसले. मीही हसलो. राउंडच्या घाईत आम्ही सारेच ते शब्द लिहीत असू. तापावर मी दिलेलं इंजेक्शन तिची मूत्रपिंडं निकामी करत होतं, आणि त्या शब्दांखाली रोज माझी ऐटदार सही होती.

सिस्टर पहिल्या पानावर पोचली. “आन् ताप आल्या दिवशीच आणलीय तिला. टायमावर आणलीय.”

माझं हसू तिथेच विझलं. ती बाई गेली तेव्हा तिच्या नवऱ्याला, वडखळपलीकडच्या खाडीकाठच्या मिठागर कामगाराला, मी व्हरांड्यात म्हणालो होतो, “उशिरा आणलंत.” हे वाक्य आमच्या जिभेवर तयारच असे, त्यापुढे कुणी प्रश्न विचारत नसे. त्यानेही विचारला नाही. उलट माझ्यापुढे हात जोडले.

ही सही माझी आहे, असं मी वर्गाला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या नवऱ्याचं गाव गाठलं.

म्हातारा मिठागराच्या बांधावर बसला होता. मी काही न लपवता सगळं सांगितलं.

“म्हंजे मी टायमावर आणली व्हती?”

“हो.”

“मंग येवढी वर्सं तिच्या फोटोम्होरं मी कसली माफी मागत व्हतो, डाक्टर?”

तो उठला आणि माझ्याकडे न बघता बांधाने घराकडे चालू लागला.

परतताना पेणला एका कारखान्यात आखणी चालली होती. कारागिराने श्वास रोखून कुंचला टेकवला, बाजूला सरला, आणि मूर्ती बघू लागली. डोळे नसताना तिने निदान कुणाला दोष दिला नव्हता; मी डोळे असूनही न बघता दिला होता. एरवी अशा वेळी मी हात जोडतो. त्या दिवशी ते वर आलेच नाहीत; मान खाली घालून पुढे निघालो.