शाहूपुरीतला काळा फलक

कारगिलचं युद्ध चालू होतं तेव्हा मी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होतो. मित्राच्या लग्नासाठी एका दिवसाची रजा काढली आणि पहाटेच्या एसटीने कोल्हापूर गाठलं. लग्न दुपारचं होतं, म्हणून शाहूपुरीत मिसळ खायला शिरलो. पुणेकर असून जास्तीचा कट (वरून घ्यायचा तिखट रस्सा) मागायचा आगाऊपणा केला आणि डोळे पुसत बाहेर आलो.

समोर चौकात तालमीच्या भिंतीवर काळा फलक होता. एक निवृत्त सुभेदार त्यावर खडूने लिहीत होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. फलकावर तीन ओळी असत: पेपर काय म्हणतो, रेडिओ काय म्हणतो, आणि तिसरी, अजून काय ठाऊक नाही. टीव्हीवर निवेदक घसा फोडून विजय सांगत असताना हा गृहस्थ शंका लिहितोय, याचं मला तेव्हा हसू आलं. आता नोकरी सोडून ब्लॉगवर मी तेच करतो. लोक मला स्वतंत्र भाष्यकार म्हणतात, शिव्याही देतात. पण जिथे वाचणारा समोर उभा असायचा, त्या चौकाची फार आठवण येते.

त्या दिवशी मी फलक वाचत होतो, तेवढ्यात आजऱ्याहून आलेल्या एक बाई पुढे झाल्या आणि त्यांनी घडी घातलेला जुना पेपर अण्णांच्या हातात दिला.

"शिखर जिंकलं, आपली हानी न्हाय, असं हाय ह्यात. पोरगं त्याच तुकडीत हाय माझं. मी गल्लीत साखर वाटली. धा दिस झालं, पत्र न्हाय. खरं काय हाय, अण्णा?"

पेपर आमचा होता आणि मथळा माझा. वृत्तसंस्थेच्या बातमीत हानीचा उल्लेखच नव्हता. उल्लेख नाही म्हणजे हानी नाही, असं धरून मी मथळ्यातली जागा भरून काढली होती. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं, गप्प राहता आलं असतं.

"बाई, ते मी लिहिलंय," मी म्हणालो.

"म्हंजे तुमास्नी ठावं हुतं?"

"नाही."

अण्णा रागावले नाहीत. त्यांनी खडू पुढे केला. "मग तेच ल्हिवा की, पावणं."

मी तिसऱ्या ओळीत लिहिलं, 'आपली हानी झाली की नाही, ठाऊक नाही.' "लढाईत असलं ल्हित्यात व्हय?" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. बाईंनी एकेक अक्षर लावत ते वाचलं आणि तालमीच्या पायरीवर बसल्या. लग्नाचं जेवण मला गेलं नाही.

पुण्याला परतल्यावर दुरुस्ती छापू म्हणालो. लोकांचं मनोधैर्य जपायला हवं, असं सांगून संपादकांनी विषय संपवला. मीही फार ताणलं नाही, याची लाज आजही वाटते.

महिन्याभराने पेपरच्या पत्त्यावर अण्णांचं कार्ड आलं. पोराचं पत्र आलं होतं. जिवंत होता, एक पाय गेला होता. अण्णा ते फलकावर लिहायला निघाले, तर बाईंनीच अडवलं. म्हणाल्या, "नगं अण्णा. आमच्या गल्लीतल्या दुसऱ्या पोराचं अजून आलं न्हाय. त्याची आय बी ह्यो फलक वाचाया येती."

एवढा विचार मी मथळा देताना केला नव्हता.